बोर्डदाजीचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत मूल जन्माला आलं की घरच्यांच्या आधी दाजी दारात हजर. सुईण अजून हात धूत असायची आणि हा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभा. मुलगा की मुलगी हे तो कधी विचारायचा नाही. त्याचा एकच प्रश्न, "तारीख सांग. तिथी नको, तारीख." तारीख कळली की बोटांच्या पेरांवर मोजायचा, ओठ हलवायचा आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचा, "अमक्या सालच्या मार्चात अकरावीक बसतला. वय बसता."

माझी धाकटी सुमन झाली तेव्हाही आला. माझी बायको आतून म्हणाली, "दाजी, अजून नाळ पडूक नाय तिची. आदी दूद तरी पिवंदे."

"पिवंदे गो. पण तारीख लिवन ठेय. नायतर शाळेत घालताना जूनची पैली घालतत आणि मगे फारम भरताना बापूस माझ्या दारात रडत येता."

मी कोणाच्या दारात रडत जाणारा नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच बोलला.

मी खाडीवर तर चालवायचो. तर म्हणजे माणसं पलीकडे न्यायची होडी. बापाची होती, बापामागे माझी झाली. शिक्षण मराठी दुसरी. तिसरीत मास्तरांनी विनाकारण हात उगारला, तेव्हा पाटी तिथेच ठेवून घरी आलो. ती आणायला मी गेलो नाही. मला छापील वाचता येतं, हाताचं येत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही. हे आज लिहितो आहे ते छापल्यासारखं एकेक अक्षर काढून, नातीची मदत न मागता. हे एवढ्यासाठी सांगितलं की दाजीचं आणि माझं का पटत नव्हतं ते कळावं.

दाजी खाडीपलीकडच्या हायस्कुलात शिपाई होता. घंटा वाजवायची, खडू वाटायचे, परीक्षेला बाकं मोजून लावायची. स्वतः मराठी चौथी. पण एकदा बोर्डाचं नवं नियमांचं पुस्तक आलं आणि जुनं रद्दीत निघालं. दाजीने ते हेडमास्तरांकडून मागून घेतलं. त्यातलं मराठी त्याने स्वतः वाचलं. इंग्रजी कलमं मधल्या सुट्टीत क्लार्ककडून वदवून घेतली आणि आरत्या पाठ करतात तशी पाठ केली. अर्थ नंतर विचारला. शाळेतून सुटला, घंटा दुसऱ्याच्या हातात गेली, पण पुस्तक त्याच्याकडे राहिलं. खाकी कोटाच्या आतल्या खिशात, मेणकापडात बांधलेलं.

तेव्हा अकरावी म्हणजे मॅट्रिक, आणि मॅट्रिकच्या कागदाशिवाय मुंबईत कोणी खुर्चीवर बसवत नसे. गोदीत ओझी उचलायला कागद लागत नाही, खुर्चीला लागतो. त्यामुळे देवबाग, तारकर्लीपासून माणसं दाजीकडे यायची. कोणाचा मुलगा नापास, त्याला बाहेरून बसता येईल का? कोणाची हजेरी कमी. कोणाचं नाव शाळेत एक आणि घरात दुसरं. दाजी पुस्तक न उघडता सांगायचा. मग उघडून बोट ठेवून दाखवायचा. "बुकात असा आसा." नसेल तर, "बुकात बसणा नाय." संपलं. त्यावर देवसुद्धा काही बोलत नसे. म्हणून लोक त्याला बोर्डदाजी म्हणू लागले. पोरं तर नुसतं बोर्डच म्हणायची. "बोर्ड घरात आसा काय?" "नाय, बोर्ड कुळीद निवडता, मागीलदारी आसा."

एकदा भाताचा एक व्यापारी आला. त्याचा मुलगा इंग्रजीत सत्तर आणि गणितात बावीस. म्हणाला, "दाजी, हयसरचे थोडे थयसर घालून पस्तीस होवचे नाय?"

दाजी म्हणाला, "भात न्हय ता, ह्या कणगीतला त्या कणगीत ओतूक. सात विषय आसत, सातांक सात कणगी. दर कणगीत पस्तीस व्हये."

"पण एकूण तर भरतत मा?"

"एकूण तुझ्या दुकानात बघ. बुकात बसणा नाय."

आमचं भांडण झालं ते होडीवरून. परीक्षेचं सेंटर पलीकडे. दाजीचं म्हणणं, उमेदवार अर्धा तास आधी वर्गात पाहिजेत, तेव्हा होडी नऊला सुटली पाहिजे. त्या दिवशी नवाला पुरती सुकती. सुकती म्हणजे ओहोटी. खाडीच्या मधोमध वाळू वर आलेली, होडी नेली तर बसणारच.

मी म्हटलं, "आठाक हाड पोरांका, न्हेतंय. नवाक खाडी नाय." आमच्याकडे हाड म्हणजे आण.

"बुकात अर्धो तास आदी म्हटला हा. दीड तास आदी न्हय."

"मगे तुझा बुक घाल पाण्यात आणि तेच्यार बसून जा. खाडी बोर्डाचा आयकणा नाय, दाजी. माजा पण आयकणा नाय. मी तिचा आयकतंय."

पोरं आठाला आली. दाजी आला नाही. पुढे दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही, आणि मीही कशाला बोलतो?

पण त्याची खरी गंमत होती ती गाऱ्हाण्यात. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मागणं सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. हे म्हणणारं कोणी पाहिजेच. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आमचा गुरव नांगराचं, जाळ्याचं, दुखण्याचं गाऱ्हाणं झकास घालायचा. परीक्षेचं मात्र "पोरांचा बरा कर" एवढ्यावर आटपायचा. दाजीला ते खपेना. "बरा कर म्हणजे काय? किती बरा? देवाकडे मोघम अर्ज करूचो नाय. मोघम अर्ज परत येता." शेवटी गुरव कंटाळला आणि म्हणाला, "मेल्या, तूच घाल. नारळाची अर्धी कवड माझी."

तेव्हापासून दर वर्षी मार्चाच्या आधी, फॉर्म भरलेली पोरं रांगेत उभी करून दाजी गाऱ्हाणं घालायचा. कोटाची सगळी बटणं लावून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरांनी जो काय अकरावीचो फारम भरलो हा, तो खोट न निघता बोर्डाक मान्य होवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"सात विषयांत, दर विषयात वेगळे, शंभरातले पस्तीस दी. पस्तीसाक एक कमी नको. वर दिलंस तर तुजी मर्जी!"

"व्हय म्हाराजा!"

"नंबर पयल्या पानार लिवूची आठवण दी. नाव खंयच लिवूक नको, तीय आठवण दी. टाक गळाक नको, कंपास घराक ऱ्हवाक नको. पुरवणी जोडल्यार दोरो घट बांधूची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

असं पाव तास चालायचं. पोरं हसू दाबायची. मी देवळाच्या खांबाला टेकून उभा असायचो आणि तोंड मिटून असायचो. एकदा त्याने मला विचारलंच, "तू व्हय कित्याक म्हणणस नाय रे?"

मी म्हटलं, "देवाक मार्क मागूचे नसतत. आणि तुका व्हय म्हणूक मी काय तुझो शिपाय?"

बोलायला नको होतं. पण बोललो.

दाजीला एकच मुलगा, वसंत. बायको तो सातवीत असताना गेली. दाजीने त्याला भाकरी थापून, पेज घालून अकरावीपर्यंत नेला. वसंतच्या वर्षीचं गाऱ्हाणं सगळ्यांत लांब झालं. सात विषयांचे पस्तीस मागून झाल्यावर दाजी थांबला नाही. मुंबईत नोकरी दे, म्हणाला. खुर्चीवरची दे. झोपायला चाळीत जागा दे, वर पत्रा नको, कौल दे. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला दे. देवाने ऐकलं. वसंत पास झाला, मार्कांच्या कागदावरच मुंबईच्या एका कंपनीत कारकून म्हणून चिकटला. पावसाळा संपून आगबोट सुरू झाली आणि पहिल्या बोटीने गेला. सर्टिफिकेट शाळेत यायच्या आधीच गेला.

पहिल्या वर्षी महिन्याला पत्र. दुसऱ्या वर्षी सणाला. चतुर्थीला मुंबईची माणसं झाडून घरी येतात. माझी होडी त्या आठवड्यात ट्रंका आणि पेट्यांनी वाकायची. दाजी धक्क्यावर यायचा, प्रत्येक खेपेला माणसं बघायचा, आणि मला म्हणायचा, "गर्दी बघूक इलंय. मापाभायर माणसां घेतंस तू." वसंतचं पत्र चतुर्थीनंतर यायचं, की यंदा रजा नव्हती.

पण दाजी निवांत होता. का, ते त्याने मला एकदा होडीत सांगितलं. सर्टिफिकेट शाळेच्या कपाटात होतं. "उमेदवारान स्वता येवन, रजिस्टरात सही करून न्हेवचा. बुकात आसा. न येवन जातलो खंय? आज ना उद्या कागद लागतलोच." दर महिन्याला तो पलीकडे जायचा, क्लार्ककडून कपाट उघडून घ्यायचा आणि त्या गठ्ठ्यात डांबराच्या गोळ्या टाकून यायचा. वाळवी लागू नये म्हणून. गठ्ठ्याची दोरी सोडून कागद त्याने कधी बघितला नाही. दुसऱ्याचा कागद उघडायचा नाही, असं त्याचं होतं, मग तो दुसरा म्हणजे आपलाच मुलगा असला तरी.

असा डांबराच्या गोळ्यांचा वास मारत तो परत यायचा आणि मी नाक दाबायचो. चार वर्षं हे चाललं.

मग एक दिवस पोस्टमन माझ्याच होडीतून आला आणि धक्क्यावर दाजीच्या हातात पाकीट ठेवून गेला. दाजीने तिथेच वाचलं. एकदा वाचलं, मग उलटं धरून बघितलं मागे काही आहे का.

मी विचारलं, "काय म्हणता वसंत? येता?"

"कागद मागता. कंपनी तेका कायम करतली, तर मूळ सर्टिफिकेट दाखवक व्हया म्हणे. महिन्याच्या आत." दाजीने पाकिटातून दुसरा एक कागद अर्धवट बाहेर काढला, आत सारला. "हेच्यावर सही करून धाडल्यान हा. तुमी घेवा नि रजिस्टर करून पाठवा म्हणता."

"मगे? चल, भरती आसा. आताच न्हेतंय."

"तसा जमणा नाय. बुकात बसणा नाय. उमेदवारान स्वता येवक व्हया. मी तेका कळयतंय."

तो वळला आणि चालू लागला. मी वल्हं हातात घेऊन तसाच उभा. कारण गेल्याच पावसाआधी भागीरथीकाकूला घेऊन हाच दाजी माझ्या होडीत बसला होता. तिचा मुलगा जहाजावर. काकू रडत होती की आता सर्टिफिकेट कसं मिळणार. दाजीने तिला पुस्तक उघडून बोट ठेवून दाखवलं होतं, तिला वाचता येत नसताना. "उमेदवार परगावाक आसात तर तेच्या हातचा पत्र व्हया. पत्र आसला की पालकान सही करूची, कागद न्हेवचो. रडतस कित्याक गो?" आणि तिला कागद मिळाला होता.

दाजी नियम खोटा सांगतो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी मागून हाक मारली, "दाजी, भागीरथीक कसो मिळालो रे कागद?"

तो थांबला. वळला नाही.

"तिचो झिल जहाजार व्हतो. तेका येवक रस्तो नव्हतो," दाजी म्हणाला. "माज्या वसूक आसा. आगबोट आसा, यष्टी आसा. येवंदे."

"आणि नाय इलो तर? नोकरी गेली तर?"

"तू दुसरी शिकलेलो. तुका काय कळता बुकातला?"

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी वल्हं घातलं असतं डोक्यात. पण त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. मी म्हटलं, "बुकातला कळणा नाय. भरती-सुकती कळता. महिनो गेलो की गेलो."

तो तीन आठवडे फिरकला नाही. त्याच्या घरी कोणी नियम विचारायला गेलं तर दार लोटलेलं. एक आंगणेवाडीकडचा माणूस दोन कोस चालत येऊन तसाच परत गेला. "बोर्ड बंद आसा," पोरं म्हणाली. मी आपणहून जायचा नव्हतोच. तरी दोन वेळा त्याच्या कुंपणापर्यंत गेलो आणि काजूच्या फांद्या बघायला आल्यासारखं करून परतलो.

महिना संपायला चार दिवस होते, तेव्हा सकाळी दाजी धक्क्यावर आला. खाकी कोट, पितळेची बटणं घासलेली. होडीत बसला. मी होडी सोडली. पलीकडे मी थांबून राहिलो. दुसरी माणसं होती, त्यांना म्हटलं, थांबा.

तो आला तो सर्टिफिकेट मेणकापडात गुंडाळून. आत्तापर्यंत ज्या मेणकापडात पुस्तक होतं त्याच. पुस्तक नुसतंच खिशात कोंबलेलं. माणसं उतरल्यावर होडीत आम्ही दोघंच परत निघालो. खाडीच्या मध्यावर तो म्हणाला, "वाईच थांबय."

मी वल्हं उचललं. त्याने कापड सोडलं आणि कागद माझ्यासमोर धरला. "छापील वाचतस मा तू? हयसर टायपाचा आसा. वाच."

मराठी नव्हतं ते. इंग्रजी. मी तसं म्हटलं.

"माका ठावक आसा," तो म्हणाला आणि बोट ठेवलं, पुस्तकात ठेवायचा तसं. "ह्या वसंत. ह्या आडनाव. आणि ह्या मदला, ह्या माजा. महादेव. क्लार्कान वाचून दाखवल्यान. मेल्या, बेचाळीस वर्सां शाळेत घंटा वाजवलंय, पण बोर्डाच्या कागदार माजा नाव आज बघलंय."

मी त्या अक्षरांकडे बघितलं. दाजीचं नाव महादेव आहे, हे मलाही त्या दिवशी कळलं. तीस वर्षांच्या शेजारानंतर.

"बरा छापला हा," मी म्हटलं.

त्याच दिवशी त्याने पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. पोच मागवली. पंधरा दिवसांनी पोचेचं कार्ड परत आलं. त्यावर वसंतची सही. पत्र नव्हतं. कार्ड दाजीने मला दाखवलं, म्हणाला, "सही केल्यान बघ. रजिस्टरात नाय, हयसर केल्यान." आणि ते कार्ड पुस्तकात, त्या कलमाच्या पानात ठेवलं.

नंतर कळलं, वसंत कायम झाला. चतुर्थी आली. दाजी धक्क्यावर आला नाही. गर्दी बघायलासुद्धा नाही.

त्या चतुर्थीनंतरची ही गोष्ट. दुपार होती. होडीच्या नव्या वल्ह्याला देवाचा अंगारा लावावा म्हणून मी देवळात गेलो. गुरव जेवायला गेलेला. पलीकडे जायची माणसं धक्क्यावर बसलेली आणि सुकती लागायला लागली होती, तेव्हा मला घाई होती. उंबऱ्यापाशी आलो तर आत दाजी. परीक्षा नाही, पोरं नाहीत. एकटा. कोटाची बटणं लावलेली, समोर एक नारळ.

"बा देवा म्हाराजा!" तो म्हणाला आणि थांबला. गाऱ्हाण्यात थांबायचं असतं तितकाच थांबला. व्हय म्हणायला कोणी नव्हतं.

"त्या वर्सा मी जो काय अर्ज केलंय, तेच्यात एक कलम ऱ्हवला." थांबला. "चूक तुजी नाय. चूक अर्जदाराची." थांबला. "पास कर म्हटलंय, केलंस. नोकरी दी म्हटलंय, दिलंस. कौलाची जागा मागलंय, तीय दिलंस. माघारी घराक हाड, ह्या मागूक ऱ्हवला. बुकात नव्हता, म्हणान सुचला नाय."

मला वाटलं संपलं.

"तरी जो काय उशिराचो अर्ज आसा, तो दाखल करून घी. लेट फी काय ती सांग. वर्सातसून एकदा, चतुर्थेक नायतर शिमग्याक, दोन दिवसांसाठी तरी वसूक घराक हाड."

पुन्हा तो थांबला. ह्या वेळी बराच थांबला. नारळाकडे बघत.

धक्क्यावरून माणसांनी मला हाक मारली. पाणी उतरत होतं, मला ते पाठीमागून ऐकू येत होतं. आता निघालो नाही तर होडी संध्याकाळपर्यंत वाळूत बसणार होती.

मी वल्हं भिंतीला टेकवलं आणि उंबऱ्यावरून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

दाजीने मागे वळून बघितलं नाही. त्याने कोट खाली ओढून नीट केला, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने, सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

होडी बसली असेल. बसंदे म्हटलं. मी आत जाऊन त्याच्या मागे उभा राहिलो, जिथे पोरं उभी राहायची तिथे, आणि प्रत्येक कलमाला व्हय म्हटलं.